गिरनार यात्रा: आयोजकांनी काय सांभाळले आणि काय वाऱ्यावर सोडले

यंदा माघ महिन्यात मी आणि माझ्या मोठ्या वन्सं, अशा दोघी जणी आमच्या भागातील एका यात्रा-आयोजकाबरोबर गिरनारला जाऊन आलो. गिरनार, सोमनाथ आणि द्वारका अशी ही सहा दिवसांची यात्रा होती आणि तिच्यासाठी आम्ही माणशी १४,००० रुपये भरले. आयोजकाचे नाव मी येथे मुद्दामच देत नाही. गाडीत भेटलेल्या दुसऱ्या दोन गटांतील यात्रेकरूंशी बोलल्यावर माझ्या लक्षात आले की जे आमच्या वाट्याला आले ते थोड्याफार फरकाने इतर आयोजकांकडेही घडते, आणि म्हणून हा अभिप्राय कोणा एकाविषयी नसून गिरनारची यात्रा ज्या पद्धतीने विकली जाते त्या पद्धतीविषयी आहे, असे समजून तो वाचावा.

आम्ही जयसिंगपूरजवळ राहतो, त्यामुळे नृसिंहवाडी आम्हाला घरासारखी आहे. पौर्णिमेला वाडीला जाणे, वर्षातून एकदा औदुंबर, दोन-तीन वर्षांतून गाणगापूर, हे लग्न होऊन या घरात आल्यापासून चालू आहे. ज्यांच्या घरी दत्तसंप्रदाय आहे त्यांना गिरनार म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दत्तमहाराजांचे अक्षय निवासस्थान तेथे आहे, अशी आपली श्रद्धा आहे, आणि इतर सर्व स्थाने झाली तरी गिरनारची पायरी चढल्याखेरीज काहीतरी राहून गेले असे मनाला वाटत राहते. वन्सं आता ६८ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना चढ वर्ज्य केला आहे, त्यामुळे त्यांनी गिरनारचा विषय मनातून काढून टाकलेला होता. २४ ऑक्टोबर २०२० रोजी गिरनारचा रोपवे सुरू झाला आणि त्यानंतर कधीतरी त्यांनी पुन्हा ती इच्छा धरली. आयोजकाच्या पत्रकात ‘रोपवेने सुलभ दत्तदर्शन’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. ते वाचूनच आम्ही नाव नोंदवले.

या तीन शब्दांतच पहिला दोष आहे, आणि तो सर्वांनी नीट समजून घ्यावा असा आहे. रोपवे भवनाथ तळेटीहून, म्हणजे पायथ्याहून, अंबाजीच्या टुकेपर्यंत, म्हणजे शिखरापर्यंत, जातो. सुमारे २.३ किलोमीटरचे हे अंतर सात-आठ मिनिटांत पार होते आणि त्यामुळे साधारण ५,००० पायऱ्यांचा चढ वाचतो, हे खरे आहे. दत्तशिखर मात्र अंबाजीच्याही पुढे आहे. अंबाजीहून गोरखनाथांच्या शिखरावर चढायचे, जे गुजरातमधील सर्वांत उंच ठिकाण मानले जाते. तेथून पलीकडे बऱ्याच पायऱ्या खाली उतरायच्या, मग पुन्हा दत्तशिखराचा उभा चढ चढायचा आणि आल्या वाटेने परत फिरायचे. एकूण पायऱ्या दहा हजारांच्या घरात मोजल्या जातात आणि त्यांपैकी जवळपास निम्म्या रोपवेने गेल्यावरही शिल्लक राहतात. आमच्या ३४ जणांच्या गटात १९ जणांनी रोपवेची नोंदणी केलेली होती आणि त्यांतील किमान दहा-बारा जण रोपवे थेट दत्तशिखरावरील पादुकांपाशी नेतो या समजुतीत होते. नोंदणी करताना कोणीही त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. गुडघेदुखीच्या माणसाला ही गोष्ट घरी बसून कळणे आणि अंबाजीच्या ओट्यावर उभे राहून समोरच्या दोन शिखरांकडे पाहताना कळणे, यांत फार अंतर आहे.

जे चांगले होते ते आधी सांगते. वांद्रे टर्मिनसहून वेरावळच्या गाडीची तिकिटे वेळेत मिळाली, सर्वांच्या जागा जवळजवळ होत्या आणि ज्येष्ठांना खालच्या बर्थ दिलेल्या होत्या. दुपारी निघून दुसऱ्या दिवशी पहाटे जुनागढला उतरलो तेव्हा गाड्या स्थानकाबाहेर उभ्या होत्या. तळेटीतील धर्मशाळा साधी परंतु स्वच्छ होती, गरम पाणी मिळाले, आणि जेवणात आपल्या पद्धतीची भाकरी, आमटी, भात असे असल्यामुळे चढाच्या आधी कोणाचे पोट बिघडले नाही. या बाबतीत मला काहीही उणे काढायचे नाही.

रविवारचा दिवस विश्रांतीचा आणि स्थानिक दर्शनाचा होता. भवनाथ महादेव आणि दामोदर कुंड ही दोन्ही दर्शने झाली. जुनागढहून तळेटीकडे येणाऱ्या रस्त्यालगतच अशोकाचा शिलालेख आहे, तो मात्र कार्यक्रमात नव्हता. मी आग्रह धरला म्हणून गाडी पंधरा मिनिटे थांबली. एका मोठ्या काळसर खडकावर अशोकाच्या चौदा आज्ञा ब्राह्मी लिपीत कोरलेल्या आहेत, त्याच खडकावर महाक्षत्रप रुद्रदामनाचा शक ७२ मधील, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमाराचा, संस्कृत लेख आहे आणि स्कंदगुप्ताच्या काळातील तिसरा लेखही आहे. रुद्रदामनाच्या लेखाचा विषय आहे सुदर्शन तलाव. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात बांधलेल्या या तलावाचा बांध एका भयंकर वादळात फुटला, ऊर्जयत् पर्वतावरून येणाऱ्या नद्यांना लोटच्या लोट आले, युगांताच्या वाऱ्यासारख्या वाऱ्याने झाडे आणि कडे कोसळले आणि मग रुद्रदामनाने आपल्या खजिन्यातून तो बांध पुन्हा बांधून घेतला, असे त्यात वर्णन आहे. ऊर्जयत् म्हणजेच आपला गिरनार. त्या वेळी मी हे सर्व कुतूहलाने ऐकले. दुसऱ्या दिवशी मला ते वेगळ्या कारणाने आठवले, कारण या डोंगराचा वारा ही अचानक उद्भवलेली अडचण मानता येत नाही. त्याची नोंद पायथ्याच्या दगडावर साडेअठराशे वर्षांपासून आहे.

चढणाऱ्या आम्हा १५ जणांना रविवारी रात्री साडेअकरा वाजता निघायचे होते. सोमवारी सकाळी दत्तशिखराजवळच्या कमंडलू कुंडावर धुनी प्रज्वलित होते, ती पाहता यावी म्हणून ही वेळ ठरवलेली होती आणि हे नियोजन अगदी योग्य होते. पायथ्याच्या मारुतीला नारळ वाहिला, तेथेच भाड्याने मिळणाऱ्या काठ्या घेतल्या, पहिल्या पायरीवर डोके टेकले आणि ‘जय गिरनारी’ म्हणून पाऊल टाकले. गिरनारवर अनोळखी माणसेही एकमेकांना हेच म्हणतात. वरून उतरणारा म्हणतो, खालून चढणारा उत्तर देतो, आणि मध्यरात्रीच्या अंधारात कोणी दिसण्याच्या आधी हे दोन शब्दच ऐकू येतात.

आमच्याबरोबर आयोजकांचा एक तरुण मार्गदर्शक होता. या संपूर्ण यात्रेत मी मनापासून कोणाचे कौतुक करीन तर ते त्याचे. इतर गटांचे मार्गदर्शक पुढे चालताना दिसले; हा मात्र पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत सर्वांत मागे चालत होता. सर्वांत मागे मीच होते. पायऱ्यांच्या कडेला आकडे रंगवलेले आहेत, ते वाचत वाचत चढणे मला पहिल्या हजारापर्यंत धीर देणारे वाटले आणि त्यानंतर तेच आकडे जड होऊ लागले. त्याने मला आकडे पाहू नका असे सांगितले. सरळ चढण्याऐवजी रुंद पायरीवर तिरके पाऊल टाकावे, पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, कारण पाय थंड पडले की उठवत नाहीत, घाम आलेला असताना शाल उघडू नये, पाणी घोटाघोटानेच प्यावे, अशा गोष्टी तो बोलण्याच्या ओघात सांगत राहिला. दोन हजार पायऱ्यांच्या आसपास एका दुकानात मीठ घातलेले लिंबू सरबत त्याने मला आग्रहाने प्यायला लावले. एकदाही ‘ताई, चला लवकर’ हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. ‘तुमचा श्वास जेवढं म्हणेल तेवढंच चाला, महाराज कुठं जात नाहीत,’ एवढेच तो म्हणाला. हे वाक्य मी पुढे पाच तास मनात म्हणत राहिले.

चार हजार पायऱ्यांच्या सुमारास जैन मंदिरांचा समूह लागतो. तेथील नेमिनाथांचे मंदिर बाराव्या शतकातील आहे. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचे निर्वाण याच पर्वतावर झाले, अशी जैनांची श्रद्धा असल्याने हा डोंगर त्यांच्यासाठीही तितकाच पवित्र आहे, आणि दत्तशिखरावरील ज्या पादुकांसाठी आपण जातो त्या पादुका त्यांना नेमिनाथांच्या वाटतात. आमच्या मार्गदर्शकाने मंदिरांजवळ येताच गजर थांबवायला सांगितला आणि सर्वांनी मुकाट्याने तो भाग ओलांडला. ही समज प्रत्येक गटात असावी. आपण रात्री दोन वाजता मोठ्याने गजर करीत दुसऱ्याच्या देवळाच्या भिंतीलगत जातो, तेव्हा आपल्या भक्तीत भर पडत नाही.

अंबाजीला पोचेपर्यंत साडेतीन वाजले होते आणि वारा वाढला होता. खाली झाडी असल्यामुळे तो जाणवला नव्हता. गोरखनाथांच्या चढावर तो अंगाला धक्का देऊ लागला आणि गोरखशिखर ओलांडून पलीकडे उतरताना, जेथे दोन्ही बाजूंना दरी आहे तेथे, शाल दोन्ही हातांनी धरावी की कठडा, असा प्रश्न पडला. मी शाल कमरेला गुंडाळली आणि कठडा धरला. लोखंड बर्फासारखे गार होते. माझ्या पुढे साताऱ्याकडील एक आजोबा होते. ते प्रत्येक पायरीवर काठी टेकवून मग थांबत, नाव घेत आणि पाय टाकत. त्यांच्या काठीचा टक् असा आवाज आला की मीही पाऊल टाकत असे. अशा रीतीने आम्ही त्या दोन कमानींपाशी आलो, जेथे एक वाट खाली कमंडलू कुंडाकडे आणि दुसरी वर दत्तशिखराकडे जाते.

शेवटचा चढ अरुंद आणि उभा आहे. वर पोचलो तेव्हा पूर्वेला फटफटले होते. शिखरावर जागा थोडी आहे, रांग पुढे सरकत राहते आणि पादुकांसमोर उभे राहायला अगदी मोजके क्षण मिळतात. याबद्दल माझी तक्रार नाही. इतक्या वर्षांत मी महाराजांना काय काय सांगायचे ते ठरवून ठेवलेले होते. समोर आल्यावर त्यातील एकही गोष्ट आठवली नाही, डोके टेकले, डोळ्यांतून पाणी आले आणि मी बाहेर आले. पायऱ्या उतरताना लक्षात आले की वन्संनी माझ्याबरोबर पाठवलेला नमस्कार तेवढा सांगितला होता.

कमंडलू कुंडावर आम्ही सात वाजता पोचलो. सोमवारी तेथे पिंपळाची लाकडे रचली जातात आणि धुनी आपोआप प्रज्वलित होते, अशी श्रद्धा आहे. आम्ही सुमारे शंभर माणसे दाटीवाटीने बसलो होतो. मला ज्वाला दिसण्याच्या आधी धुराची एक बारीक रेघ दिसली, मग कुजबुज थांबली, आणि सगळे एकदम उठून उभे राहिले. त्यावर अधिक लिहिणार नाही. ज्याने त्याने जाऊन पाहावे. तेथील अन्नक्षेत्रात मिळालेला गरम वरण-भात आणि भाजी यांची चव मी विसरणार नाही. तांदळाचा प्रत्येक दाणा, तेलाचा प्रत्येक डबा माणसांच्या पाठीवरून त्या उंचीवर येतो आणि येणाऱ्याकडून एक पैसाही न मागता वाढला जातो. कोणी पानात टाकू नये, एवढीच विनंती तेथे केली जाते. आमच्या गटातील दोघांनी टाकले. मला त्याचे वाईट वाटले.

येथपर्यंत लिहिलेल्यावरून या सेवेला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असे वाटेल. खाली काय झाले ते आता सांगते.

मी दुपारी दोनच्या सुमारास, काठीवर भार टाकत, धर्मशाळेत पोचले. वन्सं ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. सकाळी नेसलेले नवे इरकल तसेच होते, त्याची घडीही मोडलेली नव्हती. मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यात अंबाजीच्या ओटीचा खण, नारळ आणि पुरचुंडीत बांधलेले तांदूळ होते. त्या पहाटे पाच वाजता आंघोळ करून तयार झाल्या होत्या. साडेसहाला सर्वांना रोपवेच्या रांगेत उभे केले गेले, आणि आठ वाजता जोराच्या वाऱ्यामुळे सेवा बंद आहे, पुन्हा कधी सुरू होईल ते सांगता येत नाही, असे जाहीर झाले.

वाऱ्यात रोपवे बंद ठेवणे हा योग्यच निर्णय आहे, त्यात कोणाचाही दोष नाही, आणि त्या रात्री गोरखशिखरावर जो वारा मी अंगावर घेतला त्यानंतर तर मी असेच म्हणेन की तो बंद ठेवला याबद्दल चालवणाऱ्यांचे आभार मानावेत. प्रश्न आहे तो पुढचा. रोपवे बंद राहिला तर काय करायचे, याचे कसलेही उत्तर आयोजकांकडे नव्हते. एकुलता एक मार्गदर्शक आमच्याबरोबर डोंगरावर होता. खाली जो माणूस होता तो स्वयंपाकाची आणि गाड्यांची व्यवस्था पाहणारा होता, त्याला कोणताही निर्णय घेण्याचा अधिकार नव्हता आणि तो बिचारा दर दहा मिनिटांनी मुख्य कार्यालयात फोन लावत होता. दहा वाजता कार्यालयातून निरोप आला की ज्यांना पायी चढायचे असेल त्यांनी चढावे, परंतु गाड्या ठरल्याप्रमाणे चार वाजता सोमनाथकडे निघतील. सत्तरीला आलेल्या माणसांना सकाळी दहाला दहा हजार पायऱ्या चढून दुपारी चारला परत या म्हणणे म्हणजे जाऊ नका म्हणण्यासारखेच आहे. डोलीबद्दल कोणी काही बोलले नाही. पायथ्याला डोलीवाले असतात, वजन करून दर ठरतो, ही माहिती त्या १९ जणांपैकी कोणालाही दिलेली नव्हती, आणि ती विचारेपर्यंत त्या दिवशीच्या डोल्या इतर गटांनी धरलेल्या होत्या. दोघे-तिघे चिडून बोलले, एक काकू रडल्या, बाकीचे भवनाथाच्या देवळात जाऊन बसले. जयसिंगपूरपासून जुनागढपर्यंत आलेल्या १९ माणसांनी गिरनार पायथ्यावरून पाहिला.

मी आयोजकांना फोन केला. त्यांचे उत्तर मी शब्दशः लिहिते, कारण या अभिप्रायाचे कारण तेच आहे. ते म्हणाले, ‘ताई, डोंगरावर जे होतं ते महाराजांच्या इच्छेनं होतं. त्यांनी बोलावलं नाही तर आपण काय करणार?’

दत्तभक्ताच्या तोंडी हे वाक्य शोभते. मी स्वतः ते अनेकदा म्हटले आहे. वाडीला कृष्णेचे पाणी मंदिरात येते आणि पादुकांचे दर्शन होत नाही, तेव्हा आपण पाण्याला हात जोडून परत येतोच. परंतु ज्याने माणशी १४,००० रुपये घेतले आहेत, ज्याने पत्रकावर ‘सुलभ दत्तदर्शन’ छापले आहे, त्याला हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार नाही. वारा महाराजांच्या इच्छेने सुटला असेल. एक दिवस राखून न ठेवणे, डोलीची चौकशी न करणे, खाली जबाबदार माणूस न ठेवणे आणि चार वाजताची गाडी पाचला न करणे, हे आयोजकांच्या हिशेबाने झाले. श्रद्धाळू माणूस सहसा तक्रार करत नाही, आपल्याच पूर्वसंचिताला दोष देतो आणि गप्प बसतो. त्या १९ जणांपैकी बहुतेक जण तसेच गप्प बसले. एक आजी तर मला म्हणाल्या की माझ्याच हातून काहीतरी चुकलं असेल गं. त्या आजींनी सहा महिने पेन्शनमधून पैसे बाजूला काढले होते. त्यांच्या भक्तीच्या आड कोणीही आपले ढिसाळ नियोजन झाकू नये, एवढेच मला पोटतिडकीने सांगायचे आहे.

वन्सं मात्र काही बोलल्या नाहीत. चार वाजता सर्वजण गाडीत बसू लागले, तेव्हा त्या जागच्या उठल्या नाहीत. ‘तुम्ही सोमनाथला जाऊन या वहिनी, मी उद्या इथंच थांबते,’ असे त्या म्हणाल्या. मीही थांबले. आयोजकांनी आमच्याकडून लेखी घेतले की आम्ही स्वखुशीने मागे राहत आहोत आणि पुढील खर्चाची जबाबदारी आमची आहे. धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी मात्र खोली वाढवून दिली आणि रात्री स्वतःहून विचारले की उद्या डोली हवी असेल तर सांगून ठेवू का. आठ तासांत आमच्या आयोजकांना जे सुचले नाही ते या गृहस्थांना आम्ही न सांगता सुचले.

मंगळवारी वारा पडला आणि सकाळी रोपवे सुरू झाला. परतीचे तिकीट सातशे रुपयांच्या आसपास होते. आठ जणांचा पाळणा आहे, चढता-उतरताना कर्मचारी हात देतात आणि ज्येष्ठांसाठी तो क्षणभर हळू करतात, त्यामुळे वन्संना काहीही त्रास झाला नाही. खाली ज्या पायऱ्या मी रविवारी रात्री अंधारात चढले होते त्या जंगलातून नागमोडी जाताना दिसत होत्या. वर अंबाजीची ओटी भरली. ओटी भरताना वन्संचे हात थरथरत होते.

पुढे डोली. माझ्या पोटऱ्यांत गोळे आलेले असल्यामुळे मला त्यांच्याबरोबर जाता आले नाही, आणि सांगून ठेवलेल्या डोलीवाल्यांनी आपण होऊन माझी समजूत घातली. गिरनारची डोली म्हणजे पालखी नव्हे. एका लांब दांड्याला दोरांनी टांगलेली चौकोनी बैठक असते, तिच्यात मांडी घालून बसायचे, आणि पुढे एक, मागे एक असे दोघे दांडा खांद्यावर घेतात. वजन जास्त असेल तर चौघे लागतात. खांद्याखाली दुमडून ठेवलेला गमछा हीच त्यांची गादी. पुढचे गृहस्थ पन्नाशीचे असावेत. त्यांनी वन्संना बसवल्यावर दोर हाताने ओढून पाहिले, मग त्यांचा पदर दोरात अडकणार नाही असा खोचायला लावला, पाय किती आत घ्यायचे ते दाखवले आणि ‘बा, डरना नहीं’ म्हणून दांडा उचलला. दोघांची पावले एकाच वेळी पडत नाहीत, मुद्दाम मागेपुढे पडतात, त्यामुळे बैठकीला झोका बसत नाही. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

तीन तासांनी ते परतले. वन्संनी सांगितलेली एक गोष्ट येथे लिहून ठेवते. दत्तशिखर अगदी जवळ आल्यावर त्या डोलीवाल्यांनी एका रुंद पायरीवर डोली टेकवली आणि सांगितले की वरपर्यंत नेणे आम्हाला सहज जमेल, परंतु शेवटच्या काही पायऱ्या तुम्ही आपल्या पायांनी चढलात तर तुमच्या मनाला बरे वाटेल, आम्ही दोन्ही बाजूंनी धरतो. आणि त्यांनी धरले. एक एक पायरी, मधे थांबत, वन्सं स्वतःच्या पायांनी पादुकांपर्यंत गेल्या. ‘त्यांना कसं कळलं हो माझ्या मनातलं?’ असे त्या मला दोनदा विचारत होत्या. ठरलेल्या दरावर आम्ही आमच्या खुशीने जे दिले ते त्यांनी कपाळाला लावून घेतले. आधी एकदाही काही मागितले नाही.

आता जे जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडे. घरात पन्नाशीच्या आतील धडधाकट माणूस बरोबर असेल तर गिरनारसाठी आयोजकाची गरज नाही. जुनागढपर्यंत रेल्वे आहे, तळेटीत धर्मशाळा भरपूर आहेत आणि वाट चुकण्यासारखी नाही. एकट्या स्त्रियांनी किंवा प्रथमच चढणाऱ्यांनी गटाबरोबर जावे असे मी अजूनही म्हणेन, कारण रात्रीच्या चढाला मागे चालणारा माणूस लागतो. मात्र पैसे भरण्याआधी आयोजकाला स्पष्ट विचारावे की रोपवे बंद राहिला तर पुढचा दिवस राखून ठेवलेला आहे का, डोलीची चौकशी कोण करणार, चढणाऱ्यांबरोबर एक आणि खाली एक असे दोन जबाबदार लोक असतील का, आणि सोमनाथ-द्वारका त्याच फेरीत कोंबलेले आहे का. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या यात्रेत गिरनारला जेमतेम दीड दिवस होता आणि उरलेले दिवस गाडीत गेले, कारण तीन क्षेत्रांची नावे पत्रकावर एकत्र चांगली दिसतात. शक्य असेल तर सोमवारची धुनी मधे येईल असे तीन दिवस केवळ गिरनारला द्यावेत. कार्तिकातील एकादशी ते पौर्णिमा या काळात डोंगराभोवती सुमारे ३६ किलोमीटरची लीली परिक्रमा असते आणि महाशिवरात्रीला भवनाथाची मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत ज्येष्ठांना घेऊन जाऊ नये, तळेटीत उभे राहायलाही जागा मिळत नाही.

गुण द्यायचे झाल्यास प्रवास, निवास आणि भोजन यांना मी पाचपैकी चार देईन. आमच्या मार्गदर्शकाला पाच. गिरनारच्या प्रत्यक्ष नियोजनाला एक, तोही चढाची वेळ बरोबर साधली म्हणून. परत आल्यावर मी हे सर्व आयोजकांना लेखी कळवले. बारा दिवसांनी रोपवेच्या तिकिटाचे पैसे सर्वांना परत मिळाले. दर्शन न झालेल्यांसाठी दुसरी काही सोय करण्याबाबत विचारले होते, त्यावर हा अभिप्राय लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. ज्या आजींनी पेन्शनमधून पैसे साठवले होते त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे. मार्गशीर्षाच्या आधीच्या एका सोमवारसाठी त्यांचे, वन्संचे आणि माझे तिकीट आम्ही आमचेच काढले असून धर्मशाळेच्या त्याच व्यवस्थापकांना खोली आणि दोन डोल्या सांगून ठेवल्या आहेत.